अकरा नंबर

मंगफच्या दुकानात काउंटरवर तीन खोकी:
आठ, अकरा, तेरा.
मलबारी दुकानदार तेरावर बोट ठेवून म्हणतो,
भाई, हाच घे, इस्पितळात हाच लावतात,
यातून धूरसुद्धा जात नाही.

त्याला मी सांगत नाही की हा माझाच धंदा.
एकोणीस वर्षं लोकांच्या छतात डोकं घालून
त्यांची हवा बदलतोय मी,
बँकेची, व्हिलांची,
एकदा तर घोड्यांच्या तबेल्याची.
घोड्यांना तेरा होता.
आमच्या न्हाणीघराच्या छतात मात्र
मशीनसोबत आलेली तीच निळी जाळी,
जमेल तेव्हा नळाखाली धरलेली.

मंगळवारी तोज आला.
इथे धुळीच्या वादळाला तोज म्हणतात,
एवढासा शब्द, थुंकल्यासारखा.
दुपारी दोनला आभाळ मसुरीच्या डाळीचं,
समोरची इमारत पुसून टाकलेली,
नाझनीनची शाळेची बस दिवे लावून आली.
रात्री ती खोकत राहिली.
श्वास, मग बारीक शिट्टी, मग श्वास.
मी अंधारात मोजत होतो.
जुलेखाने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला,
सकाळी त्याची कड
पीठ मळून झालेल्या परातीसारखी.
कुठल्या देशाची माती, कुणास ठाऊक.
इराकची असेल. तिला कोण व्हिसा विचारतो?

मग जाळी काढली, आणि
गिऱ्हाइकाकडे कधी बघत नाही तशी बघितली.
जुलेखाचे मेंदी लावलेले केस.
शाळेच्या स्वेटरची लोकर.
सुक्या जवळ्याच्या फोडणीचा पिवळा चिकटा,
शेजारच्या मिसरी बाईंच्या बखूरचा वास,
आणि सगळ्यावर मैद्यासारखं चाळलेलं
वाळवंट.
चार वर्षांत या घरात एक फोटो लावला नाही आम्ही.
हा बघ, म्हटलं, छतात होता.

आठ नंबर केस अडवतो, लोकर अडवतो.
छातीत उतरतं ते त्याला दिसतच नाही.
तेरा सगळं अडवतो,
पण जाळी जितकी बारीक
तितका मशीनला दम लागतो,
आणि आमचं मशीन माझ्या नोकरीहून म्हातारं.
कॉइलवर बर्फ धरेल, ऑगस्टात मोटर जळेल,
मग घ्या शुद्ध हवा, पन्नास डिग्रीची.

तसा तेरा नंबर मी ओळखतो.
हर्णैला आईशी फोनवर बोलताना
मी तोच लावतो.
पगार अडकला, तो अडतो.
सुपरवायझरच्या शिव्या अडतात.
पलीकडे पोचतं एवढंच: बरं आहे.
आईही म्हणते, बरं आहे.
तिच्याकडेही कुणीतरी तोच विकलेला दिसतोय.

अकरा दे, म्हटलं.
मलबारी हसला, म्हणाला, बीचवाला.
हो, बीचवाला.
गावी अकरा नंबरच्या गाडीनेच
शाळेत जायचो मी, दोन पायांच्या.
उशिरा पोचायचो, पण पोचायचो.
तीन दिनार. घासाघीस केली नाही,
जुलेखाला मात्र अडीच सांगितले.

नाझनीनने स्टूल धरलं.
चौकटीच्या कडेला बाण छापलेला असतो,
अर्धे लोक उलटा बसवतात.
बाण कुठे जातो, अब्बा?
मशीनकडे.
आणि मग?
मग तुझ्याकडे, आणि उद्यापासून
फोडणी दार लावून.
आतून जुलेखा म्हणाली, ऐकलं मी.

चौकटीवर बदलायची तारीख लिहायची असते.
मार्कर नाझनीनला दिला.
तीन महिने बोटांवर मोजून
तिने नोव्हेंबर लिहिला, न चं पोट फुगवून.
त्याच महिन्यात माझा इकामा संपतो.
ते मी बोललो नाही,
तेवढं गाळलं.

रात्री खोकला आला.
दोनदाच.
तिसऱ्याची वाट बघत
मी पहाटेपर्यंत जागा होतो,
आणि छतात मशीन
थोडं जड, पण
ओढत होतं.